सहा-एक्केचाळीस

लहानपणी मला वाटायचं, सहा-एक्केचाळीस ही कुठल्या तरी एसटीची वेळ असावी. दादा, म्हणजे माझे वडील, आपल्या ट्रकबद्दल कुणाशी बोलायला लागले की हा आकडा यायचाच. "आपली सहा-एक्केचाळीस हाय, म्हणून कुरवंड्याला चढती." एवढं बोलून ते मान हलवत, आणि समोरचाही हलवी. मी पुढे बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर. लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. तरी या आकड्याचा अर्थ मी त्यांना कधी विचारला नव्हता. घरातलं रोज कानावर पडणारं कळलेलंच आहे, असं आपण धरून चालतो.

तो विचारायची वेळ आली ती ट्रक कुरवंड्याच्या चढावर, विटांच्या भरल्या मालासकट बसला तेव्हा. मागच्या हौसिंगला तडा गेला होता. हौसिंग म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा जाड लोखंडी आडवा भाग. मधोमध तो फुगलेला असतो आणि त्याच्या पोटात दात्यांची चक्रं असतात. दादा त्या फुगीर भागाला भोपळा म्हणतात. आतले दातेही गेले होते. गाडी इतकी जुनी की नवा सुटा भाग मिळणं अवघड. मिळालाच तर वापरलेला, भंगाराच्या यार्डात.

"आपल्या मापाचा गावला तर गावला," दादा म्हणाले, "न्हाईतर गाडीच त्या यार्डात ठिवून येतो."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी घाबरले. याच गाडीने तुंगार्लीच्या बंगल्यांना विटा आणि खडी वाहून माझं शिक्षण झालं होतं. त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर भाड्याच्या टेंपोने निघाले. तिसरे होते आमचे मिस्त्रीआबा. दादांच्या गाडीला इतकी वर्षं त्यांच्याशिवाय कुणाचा पाना लागलेला नाही.

यार्ड आंबीच्या बाजूला होतं. लोखंडाच्या ढिगांमधून शेवग्याची झाडं वर आली होती. मिस्त्रीआबांनी खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. पहिली गाठ स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीची, दुसरी ड्रमची, म्हणजे टोकाच्या ज्या गोल भांड्यावर चाक बसतं त्याची. तुटलेल्या हौसिंगवर धरून त्यांनी ती घरीच बांधून आणली होती. टेप का नाही, असं मी विचारल्यावर म्हणाले, "टेपावरचा आकडा इसरतो. गाठ कशी इसरंल?"

सुतळीच्या मापात दोनच हौसिंग बसली. एक गंजकं, एका बाजूचा ड्रम चिखलात रुतलेला, दुसऱ्या बाजूला दगडाचा टेकू. दुसरं काळ्या रंगाने चकचकीत रंगवलेलं, विटांवर ठेवलेलं. यार्डवाल्याचा ओढा अर्थातच रंगवलेल्याकडे.

"ह्योच घ्या भाऊ. दोन्ही सारकेच हायत, ह्यो जरा देखणा."

"लगीन लावायचंय का त्याचं?" मिस्त्रीआबा म्हणाले आणि गंजक्याच्या तेलाचं बूच उघडायला वाकले.

आता मी दादांना विचारलं, सारखेच कसे? आणि सहा-एक्केचाळीस म्हणजे नेमकं काय? दादा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांनी बोटांनी हवेत चक्रं काढून नीट समजावलं. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला सहा दात्यांचं छोटं चक्र. ते फिरवतं एक्केचाळीस दात्यांच्या मोठ्या चक्राला, आणि मोठं चक्र फिरवतं चाकांना. छोट्याला सहाच्या जागी सात दाते असले की गाडी सपाटीला पळते, पण भरल्या मालाने कुरवंड्याला चढत नाही. बाहेरून दोन्ही हौसिंग अगदी एकसारखी. पत्र्याची पट्टी असते त्यावर आकडा असतो, पण दोन्हींवरच्या पट्ट्या गेलेल्या.

मला फार आनंद झाला. एक्केचाळीस भागिले सहा, म्हणजे पावणेसातच्या किंचित पुढे. सात दाते असतील तर सहाला थोडं कमी. पोट न उघडता कळेल! चाक एकदा फिरवायचं आणि पुढच्या दांड्याचं टोक किती वेळा फिरतं ते मोजायचं. मी दादांकडून खडू घेतला, गंजक्याच्या मोकळ्या ड्रमवर एक खूण केली, दांड्याच्या टोकावर एक. दादांनी ड्रमला जोर लावून एक पुरता फेरा दिला. मी मोजलं. साडेतीनच्याही आत.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

"दादा, हा आपला नाही," मी म्हणाले.

ते लगेच यार्डवाल्याकडे वळून म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, तिचं चुकायचं न्हाई. तो रंगवलेला टाका टेंपूत."

मिस्त्रीआबा तेव्हा तेलाचं बोट नाकाशी नेत होते. तेल जळकं लागलं किंवा उन्हात चमकलं तर समजायचं आत लोखंड झिजतंय. ते उठून आले. "किती फेरं दिलं?"

"एक."

"आन् पल्याडचं चाक?"

"ते चिखलात आहे."

मिस्त्रीआबा खोकला येईपर्यंत हसले. "मास्तरीणबाई, निम्मंच मोजलं की! एक चाक झोपलं आसंल तर दुसऱ्याला दोन फेरं द्यायचं."

"दोन का पण?"

"मला काय म्हाईत? वस्तादानं सांगितलं दोन, मी देतो दोन. शाळा तुमची मोठी, तुमी सांगा."

दोन फेरे दिले. दांड्यावरची खडूची खूण सातव्या फेऱ्यात पुरती वर यायच्या जरा अलीकडे थांबली. मग यार्डवाल्याला रंगवलेल्याच्या एका ड्रमवर पाय देऊन उभं केलं आणि दुसऱ्याला दोन फेरे दिले. दांड्याचं टोक सहा फेऱ्यांनासुद्धा पोचलं नाही. तो देखणा सात-एक्केचाळीसचा निघाला.

गंजका टेंपोत चढला. माझ्या एका चुकीच्या उत्तरावर दादांनी गाडी पणाला लावली असती, हे मला परतीच्या वाटेवर टोचत राहिलं. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते "दोन का?"

फिटिंगला तीन दिवस लागले. भोपळ्यातलं जुनं तेल काढून नवं भरणं, ब्रेकचे लायनर बदलणं, पाट्यांवर हौसिंग बसवून नवे यू-बोल्ट आवळणं. बोल्ट मिस्त्रीआबा समोरासमोरचे आलटून पालटून आवळत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या डब्यासाठी चपात्या लाटत होते, आणि हात थांबले. तळहात लाटण्यावर जेवढा पुढे जात होता, लाटणं त्याच्या निम्मंच सरकत होतं. पोळपाट जागचा हलत नव्हता. पोळपाट म्हणजे झोपलेलं चाक, तळहात म्हणजे फिरणारं चाक, आणि मधलं लाटणं म्हणजे ते मोठं चक्र! दोन्ही चाकं मिळून जेवढं फिरतील, त्याच्या निम्मं ते फिरणार. म्हणून तर वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरू शकतं.

मी डब्याबरोबर लाटणंही घेऊन गेले.

"कुणाला हाणायचंय?" मिस्त्रीआबांनी गाडीखालून विचारलं.

त्यांना बाहेर बोलावून फळीवर लाटणं फिरवून दाखवलं. त्यांनी काळ्या हातांनी ते माझ्याकडून घेतलं आणि स्वतः फिरवलं. एकदा, दोनदा, सावकाश.

"वस्तादाला दावाया पायजे हुतं," ते म्हणाले. "त्यालाबी ठावं नसंल." लाटणं पुसून परत द्यायला त्यांना स्वच्छ चिंधी सापडेना.

दुपारी विटा भरून आम्ही कुरवंड्याला निघालो. केबिनमध्ये दादा, मी आणि कान खाली लावून बसलेले मिस्त्रीआबा. चढाच्या शेवटच्या वळणावर, जिथे गाडी बसली होती, दादांनी पहिला गिअर टाकला. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकू लागली, आणि वळण मागे पडलं.

"आवाज न्हाई," मिस्त्रीआबा म्हणाले.

वर पोचल्यावर दादा उतरून गाडीच्या मागे वाकले आणि भोपळ्यावर तळहात टेकवला. मग मला बोलावलं.

"हात ठिव. आत घासत आसंल तर तापतं. धापर्यंत ठिवता आला तर बरूबर बसलाय. तूच मोज."

मी हात ठेवला. लोखंड ऊन होतं, पण सोसवेल इतकंच. मी मोठ्याने मोजायला लागले. दादा जवळ उभे राहून ऐकत होते. दहा झाल्यावर ते विटा उतरवण्यासाठी मागचा फाळका उघडायला गेले.