पांढऱ्या साडीची भुतं

त्या वर्षी घरात माझ्या एकटीचाच पगार येत होता. मी सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक होते. नवऱ्याच्या कंपनीनं इथला विभाग बंद केला, तेव्हापासून तो घरीच होता. हौगांगमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचं भाडं गेलं की उरलेल्यात महिना ढकलायचा. त्याबद्दल आम्ही फारसं बोलायचो नाही. खरं तर तो कशाबद्दलच फारसं बोलायचा नाही. सकाळी लॅपटॉप उघडून नोकरीचे अर्ज पाठवायचा, दुपारी मुलीला शाळेतून आणायचा आणि संध्याकाळी मी आले की भाजी चिरता चिरता "कसा गेला दिवस?" एवढंच विचारायचा.

ऑक्टोबरात आमची सात वर्षांची मुलगी एक दिवस शाळेतून आली तीच सगळं ठरवून.

"आई, हॅलोविनला माझ्या फ्रेंड्स येणार आहेत."

"कुठे?"

"आपल्याकडे, लाह," इथल्या पोरांच्या लकबीत ती म्हणाली. "तिघीजणी. मी सांगितलं, आमचं घर हॉन्टेड आहे."

तिच्या मैत्रिणी काँडोत, म्हणजे महागड्या खासगी इमारतींत राहायच्या. तिथे म्हणे दरवर्षी दारादारांवर सांगाडे लागायचे आणि मुलं गोळ्या मागत फिरायची. मी ज्या घरात वाढले तिथे भुतांना प्रवेशच नव्हता. नागपूरला माझे वडील शाळेत शिकवायचे, आणि आम्ही अंधाराला घाबरलो की म्हणायचे, "भूत एकच असतं, भूतकाळ. तोही व्याकरणात." त्यांच्या नातीनं सिंगापुरात येऊन घरात भुतं आहेत अशी जाहिरात केली होती.

शनिवारी आम्ही तिघं मॉलमध्ये गेलो. एक प्लॅस्टिकचा सांगाडा मुलीला फार आवडला. मी त्याच्या पायाला लावलेली किमतीची चिठ्ठी उलटून बघितली आणि पुन्हा सुलटी केली. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं, कारण ती काहीच बोलली नाही, आणि मला ते हट्टापेक्षा जास्त लागलं. तेवढ्यात नवरा म्हणाला, "ठेव तो. असले सांगाडे काय, कारखान्यातून हजारांनी निघतात. आपली भुतं आपण करू."

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून 'आपण करू' ऐकलं नव्हतं.

मग तो कामाला लागला. बाजारातल्या अंडीवाल्याकडून त्यानं पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे मागून आणले. ते कापून, काळे रंगवून त्याची वटवाघळं झाली. दुधाच्या रिकाम्या खोक्यांना खिडक्या पाडून मागून पिवळा कागद लावला, तर रस्ताभर उजेड असलेली एक गल्लीच तयार झाली. दुकानातले नारिंगी भोपळे बाजूला ठेवून त्यानं भाजीबाजारातला हिरवट सालीचा, बसका भोपळा आणला आणि त्याला दात कोरले. आतला गर वाया कसा घालवायचा, म्हणून मी घारगे केले. मुलगी वटवाघळं रंगवता रंगवता घारगे खात होती. तिच्या ओठांना काळा रंग लागला होता, आणि "बाबा, याला डोळे रेड की यलो?" असं ती दर पाच मिनिटांनी विचारत होती. तो प्रत्येक वेळी विचार करून उत्तर देत होता.

भुतांसाठी पांढरं कापड हवं होतं. माझी एक सुती साडी होती. बुद्धपौर्णिमेला नेसून नेसून ती इतकी विरली होती की हात लावला तरी फाटेल असं वाटायचं. टाकवत नव्हती, नेसवतही नव्हती. मी ती काढून दिली. नवऱ्यानं वर्तमानपत्राचे गोळे करून साडीच्या तुकड्यांत बांधले आणि मुलीनं त्यांना डोळे काढले. कपडे वाळत घालायचा बांबू त्यानं दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये आडवा बांधला आणि सगळी भुतं त्यावर ओळीनं टांगली. वारा आला की ती हलायची. विरलेल्या कापडातून पलीकडचा उजेड दिसायचा. खरंच सुंदर दिसत होती.

आम्ही बघत उभे होतो. नवरा हळूच म्हणाला, "अगं, शेजारच्या आंटी."

मला कळायला एक क्षण लागला. कॉरिडॉरच्या टोकाचा फ्लॅट त्यांचा. म्हणजे घरात जायला-यायला त्यांना आमच्या दारावरूनच जावं लागायचं. त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता आणि आम्ही दोघं जाऊन बसलो होतो. आंटी पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसल्या होत्या. निघताना त्यांनी आमच्या हातात चिनी रीतीप्रमाणे लाल दोरा आणि एक गोड गोळी ठेवली होती. त्यानंतर त्यांचं दार बहुतेक बंदच असायचं. आणि आता त्यांच्या वाटेवर आम्ही ही पांढरी रांग टांगली होती.

"काढूया," मी म्हटलं.

मुलीचे डोळे भरले. "पण व्हाय?"

नवरा गुडघ्यावर बसला. "आंटींचे अंकल गेले ना? त्यांना हे बघून वाईट वाटेल."

"अंकल घोस्ट झाले?"

"नाही गं. माणूस गेला की भूत होत नाही. पण आठवण येते."

तिनं जरा विचार केला, नाक पुसलं आणि स्वतःच पहिलं भूत सोडायला हात वर केला. अर्धी भुतं उतरवून झाली तेवढ्यात त्या टोकाचं जाळीचं दार वाजलं. आंटी बाहेर आल्या होत्या.

"काढताय कशाला?" त्यांनी त्यांच्या सिंगलिशमध्ये, म्हणजे इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं.

मी माफी मागायला लागले. लक्षात आलं नाही, पांढरं कापड, अंकल, असं काहीतरी अडखळत बोलत होते. आंटी ऐकत होत्या. मग त्यांनी एक भूत हातात घेतलं आणि कापड बोटांनी चाचपलं.

"छान कॉटन आहे," त्या म्हणाल्या. "मी आतून बघत होते. खिडकीतून. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी आलं."

 आंटी पुढे बोलायला लागल्या.

"माझा माणूस फार भित्रा, माहितेय? आमच्या चिनी पंचांगातल्या भुतांच्या महिन्यात अंधार पडायच्या आत घरी. लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. मला फोन करायचा, खाली ये म्हणून. एवढा मोठा माणूस! चाळीस वर्षं बस चालवली, लाह!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या.

मुलगी त्यांच्या जवळ गेली. "अंकल कसे दिसायचे?"

"जाडे. आणि चष्मा. मोठ्ठा चष्मा."

मुलीनं त्यांच्या हातातलं भूत घेतलं, खिशातून काळं पेन काढलं आणि तिथेच फरशीवर मांडी घालून त्याला मोठ्ठा चष्मा काढला. मी तिला थांबवायला पुढे झाले. आंटींनी ते वर धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"पोट कमी आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं धावत आत जाऊन आणखी वर्तमानपत्र आणलं.

भुतं पुन्हा टांगली गेली. आंटी घरात जाऊन चिनी लोकांच्या मध्य-शरद सणाचे कागदी कंदील घेऊन आल्या. नातवंडं कॅनडात असल्यामुळे या वर्षी कुणी लावलेच नव्हते. ते त्यांनी आमच्या वटवाघळांच्या मधे मधे अडकवले. लाल कंदील आणि काळी वटवाघळं हे काही भीतिदायक दिसत नव्हतं, लग्नघर दिसत होतं. पण तिघी मैत्रिणी लिफ्टमधून बाहेर पडल्या त्या किंचाळतच. त्यांच्या काँडोत सगळ्यांच्या दारावर एकसारखाच सांगाडा होता, असं त्यांतली एक म्हणाली. आंटी स्वतःच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या आणि पोरी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच गोळ्या मागायला जात होत्या. नवरा दाराआडून घोगऱ्या आवाजात ओरडत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटलं, हा माणूस बऱ्याच दिवसांनी घरी आला.

नंतर सजावट उतरवली, पण आंटींचं दार काही पुन्हा तसं बंद झालं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत नवऱ्याला आंग मो किओ भागात काम लागलं, तेव्हा मुलगी दुपारी त्यांच्याकडेच राहायला लागली. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले तर ती सोफ्यावर झोपली होती. आंटींनी मला बसायची खूण केली. मग आवाज न चढवता अंकलांच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं. सकाळी ते कॉफी प्यायले, वर्तमानपत्र वाचलं, पंखा वाढव म्हणाले. त्या पंखा वाढवून वळल्या, तेवढ्यात सगळं झालं होतं. हे त्यांनी आपल्या मुलालासुद्धा इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं.

 मी त्यांचा हात धरून बसले. मुलीनं झोपेत कूस बदलली, तसं आंटींनी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग मला विचारलं, "आज जेवायला काय करणार?"

"खिचडी," मी म्हटलं. "तुम्ही पण या."

"तिखट नको, हां," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.