सोमवारच्या मॅचचे शब्द

मिनिटाला एकशेवीस शब्दांचं शॉर्टहँड लिहिणारी मुलगी म्हणून नागपूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पद्मिनीताईंचं मोठं कौतुक होतं. पोरगी सचिवालयात स्टेनो झाली की भरून पावलो, असं वडील सगळ्यांना सांगत फिरायचे. झालीही असती. पण चौऱ्याऐंशी साली रवींद्र मेश्रामांशी लग्न झालं आणि त्यांच्या औषधकंपनीतल्या नोकरीपाठोपाठ ताई न्यू जर्सीत, एडिसनला आल्या.

इथे घरी बसवेना. मग त्यांनी संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं आणि कोर्टात साक्षी टिपून घेणारे लोक वापरतात ते छोटं मशीन शिकल्या. त्याला बावीसच बटणं. पेटीवर तीन-चार सूर एकदम दाबावेत तशी ती दाबायची, की अख्खा शब्द कागदावर. दोन वर्षांत ताईंचा वेग दोनशे तीसवर गेला. त्याच सुमाराला एका कंपनीला टीव्हीवर चालू कार्यक्रमाची कॅप्शन लिहिणारी माणसं हवी होती. ऐकू न येणाऱ्यांसाठी स्क्रीनच्या खाली अक्षरं पळतात, ती.

मुलाखतीत तिथल्या बाईंनी विचारलं, "फुटबॉल कळतो का?"

"नाही," ताईंनी खरं ते सांगितलं.

"उत्तम. म्हणजे मॅच बघत बसणार नाही."

आणि एकोणनव्वद सालच्या सीझनपासून सोमवार रात्रीची मॅच ताईंच्या हातात आली.

सोमवार रात्र म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना हळूहळू कळलं. प्रो फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन प्रकार, हा इथे रविवारचा खेळ. सत्तर साली कुणीतरी दर आठवड्याची एक मॅच सोमवारी रात्री दाखवायचं ठरवलं, तेव्हा कामाच्या दिवशी कोण जागणार म्हणून लोक हसले होते म्हणे. पण देश जागला. शेजारपाजारचे लोक मंगळवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी गाड्या काढताना दिसत, ते त्यामुळे.

ताईंचा सोमवार सकाळीच सुरू व्हायचा. दोन्ही टीमच्या खेळाडूंची यादी घेऊन प्रत्येक नावासाठी मशीनवर एक खूण बसवायची. पोलिश नावं, नायजेरियन नावं, सामोआ बेटावरची लांबच लांब नावं. कामावर निघण्याआधी रवींद्र ती मोठ्यांदा वाचून दाखवायचे, अस्सल नागपुरी उच्चारात.

"अहो, असं वाचलंत तर तो माणूस मैदान सोडून पळेल," ताई म्हणायच्या.

पुढे काम घरूनच करता येऊ लागलं. वरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल मांडलं. एका फोनलाइनवरून कॉमेंट्री कानात यायची, दुसरीवरून शब्द जायचे. मॅच चालू असताना फोन उचलायची घरात बंदी. नैना, त्यांची मुलगी, शाळेत सांगायची की सोमवारी आमचा फोन फुटबॉलचा असतो. फोनवरचा आवाज टीव्हीवरच्या चित्राच्या एक-दोन सेकंद आधी पोचे, त्यामुळे चित्राकडे बघितलं की बोटं अडखळायची. शेवटी ताईंनी टीव्हीचं तोंडच भिंतीकडे केलं. नऊ वाजता सुरुवात, बारा-साडेबाराला सुटका.

एकदा घोटाळा झाला. एका सामोअन खेळाडूच्या नावाची खूण चुकली आणि त्याच्या जागी, देशभरात, "पोटॅटो" उमटलं. एकदा नव्हे, चार वेळा. मॅच संपल्यावर चूक कळली तशा ताई जिन्यात बसून रडल्या. नोकरी जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

नोकरी गेली नाही. आठ-दहा दिवसांनी कंपनीमार्फत एक पाकीट मात्र आलं. वर लिहिलेलं: सोमवारचं लिहिणाऱ्या व्यक्तीस.

"पोटॅटोने फार सुंदर झेल घेतला. मी आणि माझी बायको डोरिस तीन दिवस हसतोय. मी चार वर्षांचा असताना तापात माझे कान गेले. ही मॅच पहिल्या सीझनपासून बघतो, पण शब्द आता मिळायला लागले. एक विनंती आहे. तुम्ही 'लोक ओरडत आहेत' असं लिहिता. आनंदाने की संतापाने, तेही लिहाल का? मला नुसती उघडी तोंडं दिसतात."

खाली सही होती चेस्टर नोवाक, स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करतो, असंही त्याने लिहिलं होतं.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. पुढच्या सोमवारपासून त्या लिहू लागल्या: घरच्या टीमचे लोक चिडले आहेत. पाहुण्यांचा एक कोपरा नाचतोय. स्टेडियम गप्प. कंपनीतून कुणी हरकत घेतली नाही. ताईंनी चेस्टरला उत्तर पाठवलं, त्याचं पुन्हा पत्र आलं, आणि मग ते सुरूच राहिलं. डोरिसने भाजलेला ॲपल पाय, नैनाचं कॉलेज, रवींद्रांचं गुडघ्याचं ऑपरेशन. सगळं पत्रात.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात साध्या अँटेनावरची शेवटची सोमवारची मॅच झाली. तीही न्यू जर्सीतच, ताईंच्या घरापासून पाऊण तासावर. पुढच्या सीझनपासून ती पैसे भरून घ्यायच्या केबलवर गेली. त्या रात्री कॉमेंट्रीवाल्यांचे आवाज जड झाले होते आणि ताईंनाही दोनदा डोळे पुसावे लागले. चेस्टरने केबल घेतली, कुरकुरत. मग गुरुवारच्या मॅच सुरू झाल्या, त्याही ताईंनी लिहिल्या. डोरिस गेली तेव्हा चेस्टरचं पत्र दोन ओळींचं होतं.

कोविडनंतर ताईंनी काम थांबवलं. बोटांत कळा यायच्या, शिवाय कॅप्शनचं बरंचसं काम आता कंप्यूटरच करू लागला होता. पुढच्या वर्षी गुरुवारची मॅच इंटरनेटवर गेली. "ते मी शिकणार नाही," चेस्टरने कळवलं. "पण सोमवारची मॅच पुन्हा अँटेनावर दिसायला लागलीय. मी सत्त्याऐंशी वर्षांचा झालो. तुम्ही एकदा या."

नैनाने ऐकलं तेव्हा ती उडालीच. "आई, यू हॅव नेव्हर मेट हिम! एकटी दोन तास ड्राइव्ह करणार?"

"तीस वर्षांची ओळख आहे. त्याच्या मुलीशी बोलणं झालंय, ती खालच्याच मजल्यावर राहते."

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ताई स्क्रँटनला पोचल्या. चेस्टर दारातच उभा होता. उंच, पाठीत वाकलेला, हाताची बोटं भलीमोठी. दोघंही क्षणभर गोंधळले. पत्रात इतकं बोलून झालं होतं की समोरासमोर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. मग त्याने ताईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताईंनी मशीन सोबत नेलं होतं. मॅच सुरू व्हायच्या आधी त्या ते लॅपटॉपला जोडू लागल्या, तसं चेस्टरने नकारार्थी मान हलवली आणि बोलण्यासाठी जवळ ठेवलेल्या वहीत लिहिलं, "आज नको. आज बघा."

त्याने टीव्हीवरची कॅप्शनही बंद केली. ताईंना आधी काहीच कळेना, नुसती धक्काबुक्की. चेस्टरने स्क्रीनवर बोट ठेवलं. चेंडूकडे नाही, रांगेतल्या एका जाडजूड गड्याकडे. खेळ सुरू होताच तो गडी आपली जागा सोडून आडवा धावत सुटला, समोरच्याला आडवा केला, आणि त्या फटीतून चेंडूवाला निसटला.

ताईंनी वही ओढून घेतली. "हा पुलिंग गार्ड?"

चेस्टरने मान डोलावली.

हे दोन शब्द त्यांनी हजार वेळा तरी लिहिले असतील. बत्तीस सीझन. दिसायला ते असं असतं, हे त्यांना आज कळत होतं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की चेस्टर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

मध्यंतरात त्याने ताईंनी आणलेला चिवडा खाल्ला आणि वर दोन ग्लास दूध प्याला. चौथ्या क्वार्टरमध्ये तो खुर्चीतच झोपला. ताईंनी त्याच्या गुडघ्यांवर शाल घातली आणि शेवटपर्यंत मॅच बघितली, एकट्याने, पापणी न हलवता. सकाळी त्याला निकाल सांगताना त्यांचे हातवारे बघून त्याची मुलगी म्हणाली, "डॅडने तुम्हाला एका रात्रीत बिघडवलं."

त्या सीझनला ताई आणखी तीनदा गेल्या, एकदा रवींद्रांना घेऊन. यंदा मुलीच्या बदलीमुळे चेस्टर तिच्यासोबत ओहायोला राहायला गेला आहे. अक्षर थरथरायला लागलंय, तरी महिन्याला एक पत्र येतं, आणि ताई ते वाचून झाल्यावर लगेच उत्तराला बसतात.