नॉन्क ओव्हीडची फुकटची जागा

आमच्याकडे मामालाही नॉन्क म्हणतात आणि काकालाही. मला दोन्हीकडचे मिळून अकरा नॉन्क आहेत. त्यातले दहा माणसासारखे घरात झोपतात. अकरावा ओव्हीड, माझ्या आईचा थोरला भाऊ, वय चौऱ्याहत्तर. दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो सरकारी जंगलात पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकतो आणि नियमात बसतात तेवढे चौदा दिवस तिथून हलत नाही. तिथे नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. फावडं बरोबर न्यायचं आणि लाज घरी ठेवायची. भाडं काही नाही, पावती नाही, आरक्षण नाही. जो आधी येईल त्याची जागा.

कायदा एवढाच. पण आमच्या लुईझियानात कायद्याशेजारी रीत नावाची आणखी एक गोष्ट राहते, आणि तिचा आवाज मोठा असतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तीन जाड पाइनच्या मधली सपाट जागा बेचाळीस वर्षं नॉन्क ओव्हीडची. शेजारची जागा प्लासीदची. प्लासीद म्हणजे नॉन्कचा शाळेपासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचा वैरी. नॉन्कची जागा रिकामी दिसली तरी तिथे कोणी खुंटी ठोकत नाही. ठोकलीच तर त्याला नॉन्कच्या हातचा खारीचा गम्बो, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, मिळत नाही, आणि ती शिक्षा आमच्याकडे तुरुंगाहून कडक समजतात.

तरुणपणी नॉन्कने ओंडक्यांचे ट्रक चालवले. जंगलातला प्रत्येक कच्चा रस्ता त्याला पाठ. पण गेली तीन वर्षं त्याचं काहीतरी बिनसलं होतं, आणि आम्ही सगळे शहाणे लोक ते बघून न बघितल्यासारखं करत होतो. त्याची गाडी बरोबर नोव्हेंबरात आजारी पडायची, म्हणून प्लासीद त्याला घेऊन जायचा. जन्मभर पत्ते खेळलेल्या माणसाने पत्ते सोडले. पाद्रीबुवांनी मना केलंय म्हणाला. पाद्रीबुवा स्वतः शुक्रवारी प्लासीदच्या घरी खेळायला बसतात. आणि तीन वर्षांत त्याने एकही हरीण मारलं नाही. विचारलं की म्हणायचा, "पसंत पडलं नाही." जणू मुलगी बघायला गेला होता.

या वर्षी ऑक्टोबरात त्याचं पित्ताशय काढलं. त्याची मुलगी क्लेली औषधांच्या दुकानात काम करते आणि बोलते ते गोळी मोजून दिल्यासारखं. तिने मला बोलावलं. कॉलेजात दोन वर्षं काढून मी नुकताच गावी परतलो होतो, म्हणजे घराण्यातला सगळ्यात शिकलेला आणि सगळ्यात रिकामा.

"रेमी, तू पापाबरोबर जा. नीट बघ. संध्याकाळी टेकडीवर जाऊन फोन कर आणि खरं काय ते सांग. एकटं राहणं त्याला जमत नसेल तर रविवारी मी येते, त्याला गाडीत घालते, आणि तंबू चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकते. यापुढे जंगल नाही."

"म्हणजे मी हेर?"

"हेर हुशार असतात. तू फक्त बघ."

नॉन्कला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या गाडीत तो ताठ बसला होता. बंदूक गुडघ्यांमध्ये, हात तिच्यावर.

पित्ताशयापायी आम्हाला चार दिवस उशीर झाला होता. गुरुवारी सकाळी दहाला पोचलो. ऊन लख्ख पडलं होतं. पाइनच्या हातभर लांब सुयांचा गालिचा सगळीकडे तांबूस चमकत होता, आणि नॉन्कच्या जागेवर, बरोबर मधोमध, एक लालभडक तंबू उभा होता.

मी म्हणालो, "अरेच्चा!"

नॉन्क तोवर उतरलासुद्धा. बंदूक खांद्याला, मान ताठ, ओठ हलतायत. मला वाटलं रागाने पुटपुटतोय, आता त्या बिचाऱ्या परक्या माणसाची काही धडगत नाही. तो सरळ तंबूच्या दिशेने निघाला. चाल जराही अडखळत नाही. मी मनात म्हणालो, वा, काय रुबाब. आणि नॉन्कने त्याच रुबाबात पहिला दोर पायात घेतला, हात पसरले आणि आख्खाच्या आख्खा तंबूवर आडवा झाला.

आतून एक बाई किंचाळली. कापड दोन-तीन ठिकाणी फुगलं, मग तिकडच्या बाजूने एक पन्नाशीची धिप्पाड बाई हातात सॉसपॅन घेऊन रांगत बाहेर आली.

"एवढा लाल तंबू! डोळे फुटलेत का तुमचे?"

नॉन्क सुयांत बसला होता. टोपी एकीकडे, चेहरा दुसरीकडे.

माझं लक्ष मात्र बंदुकीवर होतं. तो पडला तेव्हा नळी सरळ तंबूकडे होती. मी धावत जाऊन ती उचलली, उघडून बघितली. आत काही नाही. त्याचे खिसे तपासले. रुमाल, चाकू, तंबाखूची डबी.

"नॉन्क, गोळ्या कुठे?"

"घरी."

"परवा हंगाम सुरू होतोय आणि गोळ्या घरी?"

"तीन वर्षं घरीच आहेत," तो म्हणाला. मग टोपी चाचपडत शोधली. ती त्याच्या गुडघ्याजवळ होती. हात आधी दुसरीकडे गेला. "लाल काहीतरी दिसलं मला. वाटलं, झुडूप तांबडं पडलंय. नोव्हेंबर आहे."

बाईने सॉसपॅन खाली केलं.

तिचं नाव रूथॅन. कॅन्ससची, टपालखात्यातून निवृत्त झालेली. जुनी पांढरी व्हॅन घेऊन देशभर फिरते आणि जिथे फुकट राहता येतं तिथेच राहते. हंगामाचं तिला काही माहीत नव्हतं, रीतीचं त्याहून नव्हतं. कायद्याने जागा तिची होती, आणि तिला कायदा पाठ होता. पण ती नॉन्कसमोर बसली आणि टपालवाल्यांच्या सवयीने मुद्द्यावर आली.

"किती दिसतं?"

"मधलं गेलंय," नॉन्क म्हणाला. "तुमच्या चेहऱ्याच्या जागी धुकं आहे. कान दिसतात. कान बरे आहेत."

"आणि तरी जंगलात राहायला आलात?"

"इथेच राहू शकतो. गाडीच्या वळणापासून मधल्या झाडापर्यंत सत्तावीस पावलं. तिथून चूल सहा. ओढा एकेचाळीस, शेवटची नऊ उतार. मचाण डाव्या हाताला, कुंपणाची तार धरून. दुसऱ्या जागेवर मी दिवसभरात पकडला जाईन. घरी तर क्लेली फर्निचर हलवते."

हे सगळं त्याने मला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, प्लासीदला नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी जिच्या अंगावर पडला त्या बाईला सांगितलं. मी बाजूला बंदूक धरून उभा होतो, आणि मला थोडा रागही आला. घराण्यातला सगळ्यात शिकलेला माणूस, आणि ओंडक्यासारखा उभा.

"मग बंदूक कशाला?" मी विचारलं.

"बंदुकीशिवाय मचाणावर चढलो असतो तर प्लासीदने माझं नाव घंटाघरावर लिहिलं असतं. रिकामी घेऊन बसतो. हरणं येतात, ऐकू येतात. मी त्यांना जाऊ देतो. तीही मला जाऊ देतात."

रूथॅन उठली. म्हणाली, "मी तंबू वीस पावलं उजवीकडे घेते. तुमची का माझी?"

"काय?"

"पावलं. माझे पाय लांब आहेत."

नॉन्क हसला, तोंडभर. दुपारपर्यंत आम्ही तिचा तंबू हलवला, नॉन्कचा उभा केला, आणि रूथॅन प्रत्येक खुंटी ठोकली की मोठ्याने सांगायची, "ही इथे, ही इथे," जणू पत्ते वाटत होती. जेवायला तिने मसूर शिजवले होते. नॉन्कने एक घास खाल्ला आणि तिला तातडीने आपल्याकडचं सॉसेज दिलं.

मग पाच वाजले.

फोनला रेंज फक्त टेकडीच्या रस्त्यावर येते. गाडी वर नेऊन थांबवली. खाली पाइनचे शेंडे एका उंचीचे दिसत होते, कोणी कातरीने सारखे केल्यासारखे. नॉन्कला ते दिसत नव्हते हे आता मला ठाऊक होतं. तरी तो तिकडे बघत होता.

"काय सांगणार आहेस?"

"तू सांग, काय सांगू?"

"सांग, पापा ठीक आहे. एका बाईशी ओळख झाली."

"ओळख! नॉन्क, तू तिच्यावर कोसळलास."

"ओळखी कशाही होतात."

मी नंबर लावला. खोटं बोललो तर काय, आणि खरं बोललो तर काय, दोन्ही डोक्यात घोळवत होतो. खोटं बोललो आणि उद्या तो ओढ्यात पडला तर? खरं बोललो तर रविवारी हा माणूस क्लेलीच्या सोफ्यावर बसेल, हललेल्या फर्निचरमध्ये, आणि उरलेले नोव्हेंबर भिंतीकडे बघत काढेल. ती भिंतही धुक्यातच दिसेल. घंटी वाजत राहिली. क्लेलीने उचलला आणि "बोल" म्हणाली, तेवढ्यात नॉन्कने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणजे आधी माझा कान धरला, मग फोन सापडला.

"क्लेली, मी बोलतोय. मला दिसत नाही गं. तीन वर्षं झाली. आज पडलो, लागलं नाही. रेमीला खोटं बोलायला लावणार होतो, पण त्याचं तोंड बघून... तोंड दिसलं नाही, पण श्वास ऐकला. त्याला खोटं बोलता येत नाही. कॉलेजात काही शिकवत नाहीत."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे औषधांच्या दुकानात कुणीतरी खोकल्याची बाटली मागत होतं.

"पापा," क्लेली म्हणाली, "डोळ्यांचं मला ठाऊक आहे. ईस्टरला तू माझ्या नणंदेला 'माझी पोर, माझी पोर' म्हणून मिठी मारलीस आणि पाच मिनिटं सोडली नाहीस. मी बाजूला ताटं घेऊन उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तिला बरं वाटलं होतं. आणि तुझं तू सांगशील म्हणून वाट बघत होते. ते राहू दे. मला एकच सांग." तिचा आवाज एकदम बारीक झाला. गोळी मोजणारी क्लेली कुठच्या कुठे गेली. "बंदूक भरलेली असते का? तीन नोव्हेंबर मी झोपलेली नाही. तू पडशील म्हणून नाही, पापा. तुला हरीण वाटेल आणि तो प्लासीद असेल, म्हणून. कुणाच्या तरी घरी जाऊन मला सांगावं लागेल, म्हणून."

"गोळ्या तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात आहेत," नॉन्क म्हणाला. "पहिल्याच वर्षी काढून ठेवल्या. मला दिसत नाही, क्लेली, पण मी मूर्ख नाही."

पलीकडून जो आवाज आला तो आधी मला हसण्याचा वाटला. मग कळलं, ती रडतेय. मग परत हसली. खोकल्याची बाटली मागणाऱ्याला म्हणाली, "थांबा हो दोन मिनिटं, माझ्या बापाने कुणाला मारलेलं नाही!" दुकानात काय वाटलं असेल देव जाणे.

शेवटी तिने नाक पुसलं आणि पुन्हा औषधवाली झाली. "राहा चौदा दिवस. बंदूक रेमीच्या ताब्यात दे. रोज पाचला फोन. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे... नाही, चौदा दिवसांनंतरच्या सोमवारी."

"आणि तंबू?"

"कुठला तंबू? विक्रीला मी घरातला तुझा जुना पियानो देतेय, तो कोणी वाजवत नाही."

फोन ठेवला. नॉन्कने गुडघ्यांमधली बंदूक उचलून माझ्या मांडीवर टाकली, बाजारातून आणलेली पिशवी उतरवावी तशी, आणि खांदा चोळला. "भलतीच जड आहे," म्हणाला. "बघ, तीन वर्षं उगाच."

शनिवारी उजाडताना प्लासीद शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून त्याला मचाणाकडे न्यायला आला. नॉन्क चुलीपाशी बसून गम्बोसाठी तेलात पीठ भाजत होता. बंदूक नाही, जाकीट नाही.

"चल," प्लासीद म्हणाला.

"नाही येत. मला दिसत नाही."

प्लासीद थबकला. मला वाटलं आता टोमणा येणार. त्याने घसा खाकरला, पाय बदलला. "बरं झालं. तुझ्या मचाणाखालून जाताना तीन वर्षं मी गोळीच्या भीतीने वाकून जातोय. कंबर गेली माझी."

एवढं बोलून तो निघून गेला. दूर कुठेतरी हंगामाची पहिली गोळी उडाली, मग दुसरी. नॉन्कने मानही वर केली नाही.

आणि मग सुरू झालं. तीन वर्षं गिळलेले सगळे प्रश्न त्याने त्या एका दिवसात बाहेर काढले. पिठाचा रंग कसा झालाय? अजून भाजू? ही कोण आली, रूथॅन? केस कसे आहेत तिचे? पांढरे? छान. त्या टोकाच्या झाडाला शंकू लागलेत का? किती? मोज ना लेका. ओढ्याला पाणी किती? प्लासीद जाडा झालाय का? पावलांवरून वाटतोय.

"जाडा झालाय," मी म्हणालो.

"किती?"

"नॉन्क, मी आता जेवू का?"

"जेव की. ताटात काय आहे ते तेवढं सांग."