ट्रिपल सीटचं चलान

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अठरा वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची पाच वाहतुकीत. अपघातातल्या प्रेताजवळ गाडी येईपर्यंत तीन-तीन तास एकटी बसलेय. कधी काही दिसलं नाही, वाटलंही नाही. या सदरातले अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं हसायचो. आता मीच लिहायला बसलेय, तर हसा खुशाल.

जागा सांगते. वर्धा जिल्हा, समुद्रपूरहून जामच्या चौरस्त्याकडे येणारा रस्ता. चौरस्त्याच्या अलीकडे एक कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत आमची चेकिंग लागली होती. मार्च संपत आलेला, दुपारचे साडेचार, ऊन नुसतं रणरणत होतं. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती... हे मुद्दाम लिहितेय.

आमचं काम म्हणजे हातातल्या मशीनने गाडीचा फोटो काढायचा, नंबर टाकायचा, गुन्हा निवडायचा. बटण दाबलं की मालकाच्या मोबाईलवर चलान. जागेवर दंड भरला तर ठीक, नाहीतर पेंडिंग. आणि लोक काय कमी हुशार असतात? तिघं बसून येतात, पोलीस लांबून दिसला की तिसऱ्याला अलीकडेच उतरवून देतात. तो आपला साळसूदपणे पायी चालत आमच्यासमोरून जातो आणि पुढे जाऊन परत बसतो. ही युक्ती मला पाठ आहे आणि तिची मला भयंकर चीड आहे. त्यातून लेकराला उतरवलं असेल तर विचारूच नका.

त्या दिवशी समोरून एक मोटरसायकल आली. पस्तिशीचा माणूस, मागे बायको, आणि बायकोच्या मागे सहा-सात वर्षांची मुलगी. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, मला बाजूने स्वच्छ दिसली. निळा फ्रॉक, गाल आईच्या पाठीला टेकलेला, डोळे मिटलेले. आईच्या पदराचा बोळा करून मुठीत धरला होता. अरे, ही तर झोपलीय... माझं डोकंच फिरलं. शिट्टी मारली, फोटो काढला, हात दाखवला.

गाडी थांबेपर्यंत मी मशीनमध्ये नंबर टाकत होते. मान वर केली तर गाडीवर दोघंच.

"पोट्टी कुठी उतरवली?" मी विचारलं.

"कोणती पोट्टी, मॅडम? आम्ही दोघंच हाओ," माणूस म्हणाला.

"मले नका शिकवू. चलान वाचवाले लेकराले उन्हात चालाले लावता? आणि झोपली होती ते. झोपेत पडली असती म्हणजे?"

त्याची बायको माझ्याकडे पाहतच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तुमाले दिसली?"

"दिसली म्हणजे? डोये हायत मले."

झालं, मला वाटलं कबुलीच मिळाली. बाई रडायला लागली. दंड वाचवायला रडणारे मी रोज पाहते, त्यामुळे मला काही वाटलं नाही. नवऱ्याने वाद घातला नाही याचं मात्र नवल वाटलं. "काढा चलान, जाऊ द्या आम्हाले," एवढंच म्हणाला. मी ट्रिपल सीट निवडलं आणि बटण दाबलं. ते गेल्यावरही मी मागे पाहत राहिले, पोरगी चालत येतेय का म्हणून. रस्ता सरळसोट आहे, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटलेली मोकळी वावरं. कोणीच आलं नाही.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. त्या माणसाने ऑनलाईन तक्रार टाकली होती — चलान चुकीचं आहे, रद्द करावं. साहेबांनी फोटो मोठा करून दाखवला. माणूस, त्याची बायको, आणि बायकोच्या मागे वीतभर रिकामी सीट. बायकोचा पदर तेवढा मागे ताणलेला दिसत होता. साहेब म्हणाले, वारा असेल.

"ऊन लागलं का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटोत दोघं. 'नजरचूक झाली' असं मी लिहून दिलं आणि चलान रद्द झालं.

त्यानंतर चार दिवसांनी ते दोघं ऑफिसला आले. नवरा बाहेर गाडीजवळच थांबला, बाई एकटी आत आली.

"मॅडम, ते चलान कॅन्सल नोका करू."

"झालं ना बाई. तुमच्याच घरच्यानं अर्ज केला. आता काऊन?"

"त्यायच्यानं पाह्यवलं नाई. मोबाईलवर ट्रिपल सीट लिहून आलतं ना..." ती खाली पाहत बोलत होती. "दिवाळीच्या आधी गेली आमची पोरगी. माहेरून येत होतो. मांगं बसली होती माह्या, झोप लागली तिले. ब्रेकरवर गाडी उसळली... मले समजलंच नाई मॅडम. पुढं गेल्यावर पाठ हलकी लागली."

झोपेत पडली असती म्हणजे... हे मी त्या आईला भर रस्त्यात ओरडून विचारलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

मग ज्यासाठी आली होती ते तिने विचारलं. "तिनं माहा पदर धरला होता काय? मी सांगतलं होतं तिले, पदर घट्ट धरजो. हे म्हणतात, तू सांगतलंच नसन."

"धरला होता," मी म्हणाले. "मुठीत. घट्ट." आणि हे खरं होतं.

ती तिथेच बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. मग डोळे पुसून म्हणाली, "दुसरं काढून द्या ना. मी भरतो दंड. त्याच्यात आम्ही तिघं होतो."

मी वेड्यासारखी साहेबांना जाऊन विचारून आले. रद्द झालेलं चलान परत उघडत नाही. नवीन काढायचं तर माणूस गाडीवर असावा लागतो.

या सगळ्याला आता वर्ष झालं. मी डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर होता तोच आहे. त्या घराला मी ओळखत नव्हते, अपघात आमच्या हद्दीतला नव्हता, मुलीबद्दल कुठे वाचलेलंही नव्हतं. कडुनिंबाखाली मला जे दिसलं ते काय होतं, मी आजही सांगू शकत नाही.

ती ऑफिसला आली त्या दिवशी मी तिला सोडायला बाहेर आले. नवऱ्याने गाडी चालू केली. ती त्याला अगदी खेटून बसली, मागे जागा सोडून. आणि गाडी निघताना तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय विचारतेय ते मला कळलं.

मागची सीट रिकामी होती. मी नीट पाहिलं, आणि मान हलवून हो म्हटलं.