कंट्रोलचे अण्णा

अण्णांच्या घरात दिवसचे दिवस दिवा पेटायचा नाही. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. मग ओसरीवर अंधारातच गप्पा. लढाईच्या दिवसांत रॉकेलवर कंट्रोल आला, सरकारने भाव बांधून दिला, गावाला महिन्याचा कोटा ठरवला, आणि तो वाटायला माणूस हवा झाला. मिरजेजवळच्या आमच्या गावातल्या शहाण्यांनी विचार केला, ज्याच्या घरी दिवाच लागत नाही त्याला तेलाचा काय मोह? आणि अण्णांच्या गळ्यात घोंगडं टाकलं.

त्यांना हे नको होतं. पण नाही म्हणणं त्या माणसाला जमायचंच नाही. आमच्या समोरच त्यांचं किराणा दुकान. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा दुकानाच्या कट्ट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असायची. आमचे मामंजी, सगळे त्यांना बापू म्हणत, ते तर घरापेक्षा तिथेच जास्त. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांचं अंथरूण पण तिकडंच टाका."

कंट्रोल आला आणि कट्ट्यासमोर बाटल्या घेतलेली रांग लागली. तेल कमी, तोंडं फार. मामलेदारांनी कोटा कापला की शिव्या अण्णांना. "सरकारनं एवढंच धाडलंय हो," हे वाक्य बोलून बोलून त्यांचा आवाज बसला. हळूहळू कट्ट्यावर बसणारे उठले. ज्यानं काल तेल नाकारलं त्याच्याशेजारी आज पान कसं खायचं? एकटे मामंजी तेवढे बसत राहिले.

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरज, म्हणजे मांडवात रॉकेलवरच्या गॅसबत्त्या हव्यातच, वरातीला वेगळ्या. जादा तेलाचा परवाना मागितला होता, तो आलाच नाही. मामंजी निर्धास्त होते. अण्णा आहेत की.

"अण्णा, दोन डबे काढून ठेव."

"बापू, जे हाय ते लोकांच्या वाटणीचं हाय."

"मग तुझ्या वाटणीचं दे. तुला काय करायचंय?"

"ते दर म्हयन्याला सुईणीला जातं. आवं, आधी बोलला असता तर ठेवलं असतं." मग तेच म्हणाले, "मुहूर्त दुपारचा धरा. दिसाउजेडी पंगती उठवू, मी सोता वाढायला येतो."

अण्णांनी मनापासून सांगितलं होतं. पण मामंजींना ते झोंबलं. "माझ्या लेकीचं लगीन तुझ्या घड्याळानं लावू व्हय?" म्हणून ते उठले. तेल त्यांनी चोरून, चौपट भावाने आणलं. लग्नाला अण्णा आले, अक्षता टाकल्या, फुसफुसणाऱ्या बत्त्यांकडे एकदा पाहिलं, तेल कुठलं हे विचारलं नाही. "मांडव छान दिसतोय," एवढंच म्हणाले. मामंजींनी तो टोमणा धरला आणि बोलणं टाकलं. मला आजही वाटतं, तो टोमणा नव्हता. पण सुनेचं कोण ऐकतं?

पुढे कंट्रोल ढिला झाला, अण्णांनी तेलवाटपाचा परवाना परत केला. त्यांनी कट्टा धुऊन घेतला, वर चटई टाकली, पानाचा डबा ठेवला. कुणी आलं नाही. मामंजी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यातून पडल्या पडल्या बघायचे आणि कूस बदलायचे. दोन घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढीच वाट, पण ती दोघांपैकी कुणीच ओलांडली नाही. बघून बघून मीच थकले.

शेवटी अण्णांनी दुकान विकलं. रहिमतपूरला लेकीकडे जायला निघाले त्या दिवशी मी दशम्या बांधून दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, आमच्या दाराकडे पाहिलं.

"बापूला सांग पोरी, 'न्हाई' म्हणणं सरकारचं हुतं. पर तोंड माझं हुतं, तवा राग माझ्यावरच यायचा. त्येचं काय चुकलं न्हाई."

ते हळूहळू मोटारीच्या थांब्याकडे चालू लागले. मी आत येऊन मामंजींना शब्दन् शब्द सांगितला. ते उठले, पायांत वहाणा घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"गेली आसंल आता मोटार," ते म्हणाले.

थांब्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू येत होता. बराच वेळ येत होता.