क दाबला की ज

मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. करकंबहून मी सोलापुरात मावशीकडे राहायला आले, टायपिंगची परीक्षा पास झाले आणि एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून लागले. आमच्या घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी मीच.

क्लासमध्ये आम्हाला कळांकडे बघू देत नसत. बाई हातांवर लाकडी फळी आडवी धरायच्या आणि म्हणायच्या, "डोळे कागदावर. अक्षर बोटाला ठाऊक पाहिजे." माझ्या बोटांना ते ठाऊक झालं होतं. क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, ज त्याच्या शेजारच्या बोटानं जरा वर जाऊन.

पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनी माझ्यासमोर एक मसुदा ठेवला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पत्र नेमकं माझ्या गावाबद्दल होतं, दुष्काळातल्या थकलेल्या बिलाचं, करकंब येथील जनावरांच्या छावणीबाबत. मला आनंद झाला. भराभर टाइप केलं, कागद ओढून काढला आणि वाचला. 'जरजंब येथील कनावरांच्या छावणीबाबत.'

घाबरल्यामुळे झालं असेल, म्हणून दुसरा कागद लावला. एकेक अक्षर दाबून टाइप केलं. पुन्हा जरजंब. मग फळीची सवय मोडून कळांकडे पाहिलं, तर वापरून वापरून त्यांच्यावरची अक्षरं पार पुसून गेलेली. कुठली कळ कुणाची, सांगायला काही उरलंच नव्हतं.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हे जरजंब कुठल्या तालुक्यात आलं?"

"मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, भाऊसाहेब."

"आधीचे टायपिस्ट गेल्याच महिन्यात रिटायर झाले. इतकी वर्षं आपलं सगळं टपाल ह्याच मशीनवरून गेलं. कधी क चा ज झाला नाही."

संध्याकाळी मी क्लासवर गेले. तिथलं मशीन त्याच कंपनीचं होतं. बाईंना विचारून बसले आणि पानभर करकंब करकंब टाइप केलं. एकही चूक नाही. त्यानं तर मी अधिकच गोंधळले. बोटं बरोबर होती तर कचेरीत काय होत होतं? आणि मशीन बिघडलं असेल तर बाकी सगळी अक्षरं कशी नीट उमटत होती?

घरी मावशी म्हणाली, "लई इचार करतीस तू. सकाळी काय खाऊन जातीस का न्हाईस? उपाशी पोटी बोटं चुकायचीच की."

शेवटी मी उलटं शिकायला लागले. क हवा असला की ज दाबायचा, ज हवा असला की क. आठवडाभर सावकाश जमलं. पण वेग वाढला की जुनं बोट पुढं यायचं आणि चांगलं पत्र वाया जायचं. त्यात भर म्हणून, घरी कार्ड लिहायला बसले की पेनसुद्धा क पाशी थांबायचं. हातानं लिहिताना उलटं करायचं नाही, हे स्वतःला सांगावं लागायचं.

महिन्याभरानं शिपायाकडून कळलं की आधीचे टायपिस्ट साखर पेठेत राहतात. रविवारी मी शोधत गेले. बोळात दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट होता. ते दाराशीच बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बायकोला तेलुगूत हाक मारून चहा सांगितला.

"बस अम्मा. कसं चाललंय माझं मशीन?"

"काका, त्याच्यात क आणि ज ची अदलाबदल कशी झाली?"

चहा आला. त्यांनी डाव्या हातानं पेला उचलला, तेव्हा मला दिसलं. मधलं बोट मुळापासून नव्हतं.

"लहानपणी मागात गेलं," ते म्हणाले. "बाकीची अक्षरं मारायचो शेजारच्या बोटानं. पण क? प्रत्येक ओळीत क. बोट चुकायचं, साहेब ओरडायचे. मग दुरुस्तीच्या मेस्त्रीला म्हणालो, क आणि ज चे कागदावर आपटणारे खिळे काढून एकमेकांच्या जागी डाग देऊन बसव. मला चांगल्या बोटाखाली क मिळाला. जाताना सांगायला पाहिजे होतं. पण सरकारी मशीन, न विचारता केलेलं... जीभच उचलली नाही."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"मेस्त्रीला पाठवतो. पहिल्यासारखं करून देईल."

मी हो म्हणाले. परत येताना बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. त्यांनी स्वतःपुरती केलेली सोय मी मोडायला निघाले होते का? पण आता ते तर त्या मशीनवर बसणारही नव्हते. मग मला वाईट कशाचं वाटत होतं, तेही नीट सांगता येईना.

त्याच आठवड्यात मेस्त्री आला. तेलपाणी करायला आलोय, असं भाऊसाहेबांना सांगून त्यानं दोन्ही खिळे मूळ जागी बसवले. मी उत्साहानं कागद लावला, टाइप केलं आणि पाहिलं. जरजंब!

आता मशीन बरोबर होतं आणि मी उलटी झाले होते. महिनाभर घोटून घोटून शिकलेलं बोट काही ऐकेना. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तेलपाण्यानं मशीन बिघडलं की काय?" मी मान खाली घालून कागद बदलला. काय सांगणार होते? सगळं सांगायचं तर काकांचं नाव घ्यावं लागलं असतं.

क्लासच्या बाईंकडे जाऊन मी पुन्हा पहिल्या धड्यापासून बसले. माझ्या शेजारी नव्या मुली होत्या. त्या माझ्याकडे बघायच्या, ही नोकरीवाली इथं कशाला आली म्हणून. पुढं दोनेक महिन्यांत हात बसला.

त्याआधीच एकदा मंगळवारच्या बाजारात काका भेटले. हातात भाजीची पिशवी होती.

"काय अम्मा, आता नीट येतं ना सगळं?"

त्याच दुपारी मी तीन कागद फाडले होते.

"हो काका, एकदम नीट," मी म्हणाले. ते हसले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीत पुढं गेले. मी खोटं का बोलले, ते मला तेव्हाही कळलं नाही, आणि आज विचाराल तरी सांगता येणार नाही.