सुमनताई पवार

समाजकार्याच्या एमएसडब्ल्यू अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी वर्गात पन्नाशीच्या एक बाई आल्या. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा रे भिया, मी पण शिकायलाच आलेय." मग पदर खोचून पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. सुमनताईंची आणि माझी ओळख ही अशी झाली.

देवासच्या मराठी घरातल्या असल्या तरी त्या अर्धं वाक्य हिंदीत बोलत आणि सगळ्यांना 'भिया', म्हणजे भैया, म्हणत. तास संपला की चहाला थांबत नसत. मला ते शिष्टपणाचं वाटे. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा कारण कळलं. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा संजू बसला होता. कॉलेजात असताना त्याला कुणीतरी मारायला येतंय असे आवाज ऐकू येऊ लागले, आणि शिक्षण सुटलं. नवरा वारल्यावर त्याचं सगळं ताईच बघत. "इंदूरच्या दवाखान्यात एक सोशल वर्करबाई होती," त्यांनी सांगितलं. "तोवर सगळे मला विचारायचे, हा जेवतो का, झोपतो का. तिने पहिल्यांदा संजूलाच विचारलं. तेव्हाच ठरवलं, हे काम शिकायचं."

वर्गात एकदा सर आजाऱ्याच्या कुटुंबावरच्या ओझ्याबद्दल शिकवत होते. ताईंनी हात वर केला. "ओझं कुणाचं, सर? त्याचं की माझं? कारण तोही मला सांभाळूनच घेत असतो." सर हसले आणि पुढे शिकवू लागले.

फील्डवर्कला आम्ही दोघी कन्नौदजवळच्या एका गावात जात होतो. तिथे एका घरामागच्या गोठ्यात मुकेश नावाचा तरुण दिसला. पायात साखळी, ती खांबाला बांधलेली. मी तिथेच पोलिसांना फोन लावायला निघाले. ताईंनी माझा हात धरला आणि मुकेशच्या आईकडे प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"मेरा भी एक है," त्या म्हणाल्या. "मैं बाहर से कुंडी लगाके सब्जी लेने जाती थी."

त्या बाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "और अब?"

"अब दवाई चलती है. अब सब्जी वोही लाता है. धनिया भूल जाता है."

बाई हसली, आणि मग खूप रडली. पण साखळी तशीच राहिली. परतताना बसमध्ये मी ताईंवर चिडले होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "आपण काढली असती, तर आपण गेल्यावर तिने परत लावली असती. तिची भीती आधी जायला हवी."

आम्ही जात राहिलो. मुकेशचा बाप दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता. मुकेशला बाहेरची बाधा झालीय असं त्याला वाटत होतं. शेवटी आईच हटून बसली आणि ताईंबरोबर मुकेशला इंदूरला घेऊन गेली. औषध लागू पडायला वेळ लागला. एके दिवशी आम्ही पोचलो तर मुकेश अंगणात खाटेवर पाय पसरून बसला होता. घोट्यावर काळा वण होता. साखळी आईने स्वतःच काढली होती.

कॉलेजात मात्र ताईंचे गुण कापले गेले. "आपलं घर क्लायंटसमोर उघडायचं नसतं," सर म्हणाले, आणि नियमाने ते बरोबरच होतं. ताई म्हणाल्या, "चुकलं असेल, सर. पण कुणीतरी आधी उघडायला हवं होतं."

डिग्री मिळाल्यावर त्यांच्या वयाकडे बघून देवासमध्ये कुणी नोकरी दिली नाही. धार जिल्ह्यात, पार डही नावाच्या गावी, एका संस्थेने बोलावलं. ताईंची सासरी असलेली मुलगी म्हणाली, "आई, संजूला कुठेतरी ठेव आणि मग जा. नव्या गावात त्याला कोण समजून घेणार?" ताईंनी संजूलाच विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याने आपली बॅग भरली.

मी स्टँडवर पोचवायला गेले होते. ताई सामान मोजत होत्या, तिकडे ये म्हणून मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. संजू माझ्याशी कधीच बोलला नव्हता, तरी मी म्हटलं, "संजूदादा, नीट जा."

त्याने खिशातून लिंबू काढून मला दाखवलं. "आईला गाडी लागते," तो म्हणाला, आणि खिडकीची जागा धरायला आधी बसमध्ये चढला.